वाकडहून विमान पकडायचं तर लोहगाव की नवी मुंबई?

वाकडकर:
२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आणि आमच्या घरात वाद पेटला. माझं मत, वाकड-रावेत-हिंजवडीवाल्यांनी आता लोहगावचा, म्हणजे पुण्याच्या विमानतळाचा, हट्ट सोडावा. अंतर शंभराच्या वर आहे, मान्य. पण किवळ्याला एक्स्प्रेस वेवर चढलं की कळंबोलीपर्यंत एक सिग्नल नाही. पहाटे निघालं तर दोन तासांत टर्मिनलसमोर. उलट लोहगाव पंचवीसेक किलोमीटर, आणि संध्याकाळी सहाला निघून बघा! नाशिक फाटा, विश्रांतवाडी... गेल्या महिन्यात आमचं विमान असंच चुकलं.

विमाननगरवाला:
स्वतःची पहाट घ्यायची आणि आमची संध्याकाळ, ही कुठली तुलना? शनिवारी सकाळी खंडाळ्याचा घाट बघितलाय का? कंटेनर आडवा झाला की बसा वडापाव खात. आणि घाटात गाडीला ६० चीच मर्यादा आहे, १०० ची सपाटीवर. लोहगावला उशीर झाला तर अर्धा तास, तिकडे झाला तर किती, हे निघताना कळतच नाही. म्हणून तासभर आधी निघावं लागतं. तो तास धरलात का हिशेबात?

वाकडकर:
नाही धरला. पण घाट टाळणाऱ्या खोपोली-कुसगाव रस्त्याने, त्या मिसिंग लिंकने, सहा किलोमीटर आणि वीस-पंचवीस मिनिटं वाचावीत अशीच आखणी आहे की.

मगरपट्ट्याची आजी:
वाकड म्हणजे पुणे नव्हे रे बाबांनो. मला आधी अख्खं शहर ओलांडायचं, मग तुमचा एक्स्प्रेस वे. देशातल्या देशात जायचं तर लोहगावच.
पण मुलाकडे अमेरिकेला जाताना गोष्ट वेगळी. लोहगाव हवाई दलाचं, धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटर, मोठी विमानं लांबच्या पल्ल्याचं इंधन भरून तिथून उडायची कशी? त्यामुळे आम्ही वर्षानुवर्षं टॅक्सीने सहार, म्हणजे मुंबईचं जुनं विमानतळ, गाठतोय. तेव्हा तुलना करायचीच तर सहारशी करा. नवी मुंबईला वाशीचा पूल नाही, चेंबूर नाही. माझ्या गुडघ्यांना विचारा, तो शेवटचा तास काय असतो ते. आता तिकडून लांबची विमानं वाढू देत, एवढंच.

सासवडचा:
पुरंदरच्या नियोजित विमानतळाचा विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. पारगाव, खानवडी, वनपुरी, कुंभारवळण, सगळी मिळून सात गावं. तुमची वीस मिनिटं वाचतील, आमच्या अंजीर-सीताफळाच्या बागा जातील. बरं, पुण्याहून यायचं कसं? दिवे घाटातून. ज्येष्ठात माउलींची पालखी घाटात असेल त्या दिवशी विमान पकडून दाखवा.

विमाननगरवाला:
सासवडकर, बागांचं पटलं. पण लोहगाव हवाई दलासोबत वाटून किती वर्षं चालवायचं? २०२४ ला नवं टर्मिनल झालं, धावपट्टी तीच. दुसरं विमानतळ पुण्याला लागणारच, जागेवर भांडू.
आणि वाकडकर, एका बाजूचा टोल ३२० रुपये. रात्री अडीचला नवी मुंबईत उतरलात तर पुण्याला येणार कशाने?

वाकडकर:
मेव्हण्याला बोलावतो, तो रावेतलाच राहतो.

मगरपट्ट्याची आजी:
म्हणजे त्याचे जाऊन-येऊन चार तास. ते कुणाच्या खात्यात?