डिले रीपे (रेल्वेच्या उशिराची भरपाई) आपोआप खात्यात यायला हवा. तुमचं मत?

रुळकरी
इंग्लंडमध्ये बहुतेक कंपन्यांची गाडी १५ मिनिटं उशिरा पोचली की एकेरी भाड्याचे २५ टक्के, ३० मिनिटांना ५० टक्के, तासाला पूर्ण भाडं परत मिळतं. पण बहुतेक वेळा प्रवाशानं २८ दिवसांच्या आत अर्ज केला तरच.

वार्षिक पासाची किंमत ४६४ फेऱ्यांनी भागतात. म्हणजे ४,६४० पौंडांच्या पासावर एक फेरी १० पौंडांची, आणि १७ मिनिटांच्या उशिराचे अडीच पौंड. त्यासाठी खातं उघडा, पासाचा फोटो चढवा, ठरलेली गाडी आणि प्रत्यक्ष पोचण्याची वेळ भरा, बँकेचा तपशील द्या. दिवसभर काम करून आलेला माणूस अडीच पौंडांसाठी एवढं करत नाही.

उलट रूळ सांभाळणारी नेटवर्क रेल आणि गाड्या चालवणाऱ्या कंपन्या यांच्यात ३ मिनिटांच्या उशिरालासुद्धा कारणाचा कोड लागतो आणि दोष कोणाचा ते ठरतं. आपसातला हिशेब इतका चोख ठेवता येतो, तर प्रवाशाचाही ठेवा.

जंक्शन
असहमत. गाडीचा उशीर आणि प्रवाशाचा उशीर या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली गाडी ६ मिनिटं रखडली, पुढची जोडगाडी चुकली आणि त्यानंतरची तासाभरानं असेल, तर गाडीच्या नावावर ६ मिनिटं आणि तुमच्या नावावर ६०. निव्वळ गाडीच्या नोंदीवरून पैसे दिले तर तुम्हाला शून्य मिळेल.

तसंच वेळ भरून काढायला गाडी मधली स्टेशनं गाळते तेव्हा. शेवटच्या स्टेशनात ती वेळेवर पोचते, आणि गाळलेल्या स्टेशनाचा प्रवासी पुढे जाऊन उलटा येतो. हा उशीर फक्त अर्जातच दिसतो.

रुळकरी
मग निदान गाडी ठरलेली असते तिथून तरी सुरुवात करा. ॲडव्हान्स तिकीट एकाच गाडीचं असतं. व्हर्जिन ट्रेन्सनं २०१५ मध्येच स्वतःच्या संकेतस्थळावरच्या ॲडव्हान्स तिकिटांना आपोआप भरपाई द्यायला घेतली होती. स्मार्टकार्डावरचा पास असेल तर गेटवर आत-बाहेरची वेळही उमटते.

जंक्शन
ॲडव्हान्सचं मान्य. पासाचं नाही. कितीतरी लहान स्टेशनांवर गेटच नाहीत. आणि कार्डाला तुम्ही कधी आलात ते कळतं, कोणती गाडी धरायला आलात ते नाही.

आठवड्यात_तीनदा
माझी हरकत ४६४ या आकड्यालाच आहे. त्याचा अर्थ वर्षाला २३२ दिवस ये-जा. आज बरेच जण तीनच दिवस जातात. ४८ आठवडे धरले तर २८८ फेऱ्या, म्हणजे वरच्या पासावर प्रत्यक्ष फेरी साधारण १६ पौंडांची. भरपाई मात्र १० च्या हिशेबानं.

अशांनी आधी फ्लेक्सी सीझन हा पास तपासावा: २८ दिवसांत कोणतेही ८ दिवस, म्हणजे १६ फेऱ्या. सगळ्या मार्गांवर तो स्वस्त पडतोच असं नाही. रोजच्या परतीच्या तिकिटाशी ताडून बघा. वार्षिक पास ४० साप्ताहिक पासांच्या किमतीला मिळतो, तेव्हा तोही हिशेबात घ्या.

खडी_स्लीपर
भरपाई वाटण्यापेक्षा तोच पैसा रुळांवर घाला. ‘भारतात ४५ अंशांत गाड्या धावतात, इथे ३० लाच का मंदावतात?’ असं आपले लोक नेहमी विचारतात. ब्रिटनमध्ये रूळ साधारण २७ अंशांना ताणमुक्त राहतील असे बसवतात. उन्हात रूळ हवेपेक्षा २० अंशांपर्यंत जास्त तापतो, फुगतो आणि वाकायला बघतो, म्हणून वेग उतरवतात. भारतासारख्या वरच्या तापमानाला बसवले तर इथल्या थंडीत ताणानं तडकतील. शरद ऋतूत पानं चाकांखाली चिरडून रुळावर गुळगुळीत थर धरतात. तो उच्च दाबाच्या पाण्यानं खरवडून वर वाळूमिश्रित जेल टाकावं लागतं. पैसा तिथे लागतो.

शिवाय गाड्या चालवणाऱ्या कंपन्यांपैकी साउथ वेस्टर्न मे २०२५ मध्ये, सी-टू-सी जुलैत, ग्रेटर अँग्लिया ऑक्टोबरात सरकारकडे आली. भरपाई आता आपल्याच करातून.

रुळकरी
म्हणूनच ती आपोआप हवी! निम्मे लोक अर्ज करत नसतील तर उशिराची किंमत हिशेबात निम्मीच दिसते, आणि रूळ धुण्याचा खर्च उगाच महाग वाटतो. पूर्ण रक्कम द्यावी लागली तर तोच खर्च स्वस्त ठरेल.

तोवर अर्ज करत राहा, मंडळी. रद्द गाडीचा स्क्रीनशॉट त्याच क्षणी काढा. आणि बदललेलं वेळापत्रक आधीच जाहीर झालं असेल तर उशीर त्यावरून मोजतात, जुन्यावरून नाही. अर्ज फेटाळला जाण्याआधी तेवढं बघून घ्या.