जुलाब थांबल्यावर मुलाला खायला काय द्यावे?

प्रश्न (चोपडा, जि. जळगाव)

माझ्या चार वर्षांच्या मुलाला तीन दिवस उलट्या-जुलाब होत होते. कालपासून उलटी नाही, जुलाबही दोनदाच झाले, पण पोर अगदी मलूल झाले आहे. डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या दिल्या आहेत. पोटाला आराम हवा म्हणून आणखी दोन दिवस नुसती भाताची पेजच द्यावी, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. तो मात्र सकाळपासून शेवभाजीच्या पातेल्याकडे बोट दाखवतो आहे. घरात केळीचा घड टांगलेला आहे, पण केळे बाधेल अशी सर्वांना धास्ती वाटते. काय करावे?

उत्तर १

ताई, मी बरीच वर्षे अंगणवाडीत काम केले आहे. पेजेने पोट भरल्यासारखे वाटते, पण तिच्यात पाणीच अधिक असल्याने अंगात ताकद येत नाही. म्हणून पेज एकदम बंद न करता हळूहळू मऊ, दाट अन्नाकडे वळावे. मुगाची डाळ आणि तांदूळ चमच्याने सहज घोटला जाईल इतका शिजवून, त्यात हळद, मीठ आणि चमचाभर तूप घालावे. ज्वारीच्या कण्या चांगल्या मऊ शिजवून ताज्या ताकात कालवल्या, तर आमच्याकडची मुले त्या आवडीने खातात. घास लहान असावेत आणि दर दोन-तीन तासांनी द्यावेत. शेवभाजीची तर्री अजून आठवडाभर तरी नको, बोट कितीही दाखवू द्या.

उत्तर २

मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. वरील सल्ला योग्य आहे. उपाशी ठेवल्याने आतड्याचे अस्तर भरून येण्यास उशीर होतो. झिंक मात्र जुलाब थांबले म्हणून बंद करू नका: सहा महिन्यांवरील मुलांना रोज २० मिलीग्रॅम, पूर्ण १४ दिवस द्यायचे असते, आणि इथेच बहुतेक घरे चुकतात. पुन्हा पातळ शौच झाल्यास प्रत्येक वेळी १०० ते २०० मिलिलिटर ओआरएस घोटघोट पाजावे. पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच संपूर्ण कालवावे, आणि केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. बाटलीबंद गोड पेये टाळा, त्यांतील साखरेमुळे जुलाब वाढतात. पुढील दोन आठवडे रोज एक जादा जेवण द्या. शौचात रक्त दिसणे, सहा तास लघवी न होणे, डोळे खोल जाणे किंवा मूल ग्लानीत राहणे, यांपैकी काहीही आढळल्यास लगेच दवाखाना गाठा.

उत्तर ३ (रावेर)

केळीच्या गावात केळ्याची धास्ती! पिकलेले केळे कुस्करून खुशाल द्या, त्यातून पोटॅशियम मिळते. कच्चे असेल तर सालासकट उकडून, सोलून, जिरेपूड-मीठ घालून मऊ भातात मिसळा. त्यातील पेक्टिन शौच बांधून येण्यास मदत करते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आज दुपारी वाटीभर खिचडी आणि अर्धे केळे खाल्ले. खिचडी सासूबाईंनीच भरवली, तूप मात्र दोन चमचे घातले.