अफवा, कुणकुण की पुडी? एनबीएच्या फेब्रुवारीसाठी मराठी शब्द हवेत

मैदानाशेजारच्या फळ्यावर मी दर रविवारी एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, चार-पाच बातम्या मराठीत लिहिते. आमच्याकडे बास्केटबॉल खेळायला येणारी मुलं सहावी ते दहावीतली, बहुतेक मराठी शाळांतली. जानेवारी सरत आला की फळ्यावर सामन्यांचे निकाल कमी आणि 'कोण कुठल्या संघात जाणार' हेच जास्त असतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका ठरावीक दिवशी न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे तीन, म्हणजे आपल्याकडे रात्रीचा दीड वाजला की त्या हंगामापुरती संघांमधली खेळाडूंची देवघेव बंद होते. २०२५ साली तो दिवस ६ फेब्रुवारी होता, २०२६ साली ५ फेब्रुवारी. त्याआधीचे दोन-तीन आठवडे जे काही कानावर येतं, ते सगळं मी 'अफवा' या एकाच मथळ्याखाली लिहीत असे.

एका मुलाने विचारलं, "ताई, अफवा म्हणजे खोटं ना? मग बटलर खरंच कसा गेला?"

त्याचं बरोबर होतं. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' हे आपण पोलिसांच्या सूचनांमध्ये इतकं वाचलंय की 'अफवा' म्हटलं की खोटेपणा गृहीतच धरला जातो. मुळात तसं नव्हतं. हा शब्द अरबीतला, 'अफवाह', म्हणजे 'तोंडं'. तोंडातोंडी फिरणारी गोष्ट, एवढाच त्याचा अर्थ. ती खरी की खोटी, हे शब्द सांगत नव्हता. आजच्या मराठीत मात्र सांगतो. म्हणून मायामी हीट संघाच्या जिमी बटलरच्या बाबतीत तो शब्द चुकलाच. डिसेंबर २०२४ अखेरीस मायामी हीटचे अध्यक्ष पॅट रायली यांनी जाहीर निवेदन काढलं की आम्ही बटलरला कुठेही देणार नाही. जानेवारीच्या सुरुवातीलाच त्याच संघाने त्याला सात सामन्यांसाठी निलंबित केलं आणि त्याच्यासाठी येणारे प्रस्ताव आम्ही ऐकू, असं सांगितलं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्याचं गोल्डन स्टेट संघात जाणं ठरलंसुद्धा. मधल्या काळात जे चाललं होतं ती अफवा नव्हे. बोलणी चालू होती आणि तिची खबर बाहेर झिरपत होती.

मग मी आपल्याकडचे शब्द काढून बसले: वदंता, भुमका, आवई, बोलवा, हूल, कंडी, वावडी, पुडी, कुणकुण, अटकळ, कयास, आडाखा. हे सगळे समानार्थी म्हणून शाळेत पाठ केलेले. पण त्यांच्यापुढची क्रियापदं पाहिली आणि मला वाटतं उत्तर तिथेच आहे. आवई उठते, भुमका उठते. कोणी उठवली ते महत्त्वाचं नाही. पुडी मात्र आपोआप सुटत नाही, ती कोणीतरी सोडतं. कंडीही कोणीतरी पिकवतं. कुणकुण ऐकणाऱ्याला लागते, म्हणजे 'मला कुणकुण लागली'. अटकळ आपण स्वतः बांधतो, तिला दुसऱ्या कोणाचं तोंड लागतच नाही. बातमीत सांगणारा कुठे उभा आहे, हे आपलं क्रियापद सांगून टाकतं.

एनबीएच्या फेब्रुवारीत नेमका हाच फरक लागतो. खेळाडूने किंवा त्याच्या एजंटने 'मला दुसऱ्या संघात जायचंय' असं उघड बोलायची लीगमध्ये सोय नाही. जानेवारी २०१९ मध्ये अँथनी डेव्हिसचा एजंट तसं उघड बोलला, तर डेव्हिसला ५० हजार डॉलरचा दंड झाला. दुसऱ्या संघाच्या खेळाडूला खुणावणं तर त्याहून महाग. त्याला तिकडे 'टँपरिंग' म्हणतात आणि आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे, 'फूस लावणे'. इंडियानाच्या पॉल जॉर्जला फूस लावल्याबद्दल २०१७ साली लॉस एंजेलिस लेकर्स संघाला ५ लाख डॉलरचा दंड झाला होता. नाव लावून बोललं की दंड, म्हणून माणसं नाव न लावता पत्रकाराला सांगतात. 'सूत्रांच्या माहितीनुसार' हे जे वाक्य आपण रोज वाचतो, ते या नियमातून जन्मतं. कधी एजंटला संघावर दबाव आणायचा असतो, कधी संघाला आपल्या खेळाडूची किंमत वाढवायची असते. अशा वेळी ती पुडीच. 'अफवा' लिहिलं की सोडणारा हात झाकला जातो.

माझा प्रस्ताव असा: हेतू दिसला की 'पुडी', बोलणी खरंच चालू असल्याचा सुगावा लागला की 'कुणकुण', चाहत्यांनी स्वतः मांडलेलं गणित असेल तर 'अटकळ', आणि मुद्दाम रचलेलं खोटं असेल तर 'कंडी'. 'अफवा' शेवटी, ज्याचा काहीच ठाव लागत नाही त्यासाठी. तुम्हाला काय वाटतं? आणि 'ट्रेड'ला काय म्हणू? 'व्यापार' तर नक्कीच नको.

पुण्याहून

ताई, क्रियापदांचा मुद्दा पटला. एक भर घालतो. 'पुडी'च्या जवळ 'खडा टाकून पाहणे' आहे आणि तो वेगळा ठेवावा. पुडी सोडणाऱ्याला लोकांनी विश्वास ठेवायला हवा असतो. खडा टाकणाऱ्याला पाणी किती खोल आहे ते पाहायचं असतं. एखाद्या संघाचा व्यवस्थापक पाच संघांना फोन करून 'आमच्या या खेळाडूचं काय द्याल?' विचारतो, तो खडा. त्यातला एक फोन बाहेर फुटतो आणि सकाळी मथळा होतो.

'वावड्या' मात्र तुमच्या प्रस्तावात राहूनच गेल्या. वावडी म्हणजे मोठा पतंग. एकीच्या वर दुसरी, अशा एका दुपारीत वीस उडतात आणि संध्याकाळी एकही हातात नसते. मुदतीच्या आधीच्या आठवड्याला एकवचनी 'अफवा' पुरत नाही, तिथे 'वावड्या' हवं, आणि तेही अनेकवचनातच.

न्यू जर्सीहून

मला 'अटकळ' या शब्दाची जास्त गरज पडते, कारण माझी मुलगी रात्री जेवताना तेच करते. इथे पगार जाहीर असतात आणि नियम किचकट असले तरी लिखित असतात. त्यामुळे कोणीही कागद-पेन्सिल घेऊन बसू शकतं: हा गेला तर इतके लाख कमी, तो आला तर इतके वाढले, बसतंय का? पगाराची एक मर्यादा ओलांडली की बंधनं येतात. २०२३ च्या करारानंतर त्याहून वरची दुसरी मर्यादा आली. ती ओलांडलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक महागडा खेळाडू घेता येत नाही, दिल्यापेक्षा जास्त पगार परत घेताही येत नाही. २०२४-२५ च्या हंगामात फीनिक्स सन्स त्या मर्यादेच्या वर होते. त्यांना बटलर हवा होता, पण बदल्यात द्यायला पगाराच्या हिशेबात बसणारा त्यांचा खेळाडू ब्रॅडली बील. आणि बीलच्या करारात असं कलम होतं की त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेच पाठवता येणार नाही. त्या एका कलमापाशी सगळी अटकळ थांबायची. मुलीला मी त्यासाठी 'नकाराधिकार' शब्द दिला, तो तिला आवडला.

म्हणून माझं म्हणणं, अटकळीला अफवेच्या रांगेत उभंच करू नका. तिच्यात मेहनत असते.

आणि केव्हिन ड्युरंटला कुठे बसवाल? २०२५ च्या त्याच आठवड्यात तो फीनिक्सहून पुन्हा गोल्डन स्टेटला जाणार, असं सगळीकडे चाललं होतं. बोलणी झालेली होती. त्याला परत जायचं नव्हतं, गेला नाही. जूनमध्ये ह्यूस्टनला गेला. फेब्रुवारीतली ती बातमी खोटी ठरली, असं म्हणणारे इथे पुष्कळ. माझ्या मते ती खरीच होती, फक्त घडली नाही.

धागालेखिका

ड्युरंटचं उदाहरण फार उपयोगी. 'कुणकुण' तिथे बरोबर बसते, कारण कुणकुण लागली म्हणजे गोष्ट होईलच असं आपण मराठीत कधी मानत नाही. घरात लग्नाचं चाललंय याची कुणकुण लागते, लग्न होतंच असं नाही.

पण शब्दांची खरी परीक्षा डॉन्चिचची. २ फेब्रुवारी २०२५, रविवार, आपल्याकडे सकाळचे पावणेअकरा. एनबीएच्या बातम्या देणारा पत्रकार शॅम्स चरानिया याने एक्सवर लिहिलं की डॅलसने लुका डॉन्चिचला लेकर्सना दिलं आणि अँथनी डेव्हिसला घेतलं. डॉन्चिच पंचवीस वर्षांचा, आदल्या वर्षी संघाला अंतिम फेरीत नेलेला. मी फळ्यापाशी खडू घेऊन उभी होते आणि माझा पहिला विचार हाच की याचं खातं कोणीतरी चोरलंय. जगभर लोकांना तेच वाटलं. चरानियाला पुन्हा लिहावं लागलं की हे खरं आहे. डॅलसचे निको हॅरिसन आणि लेकर्सचे रॉब पेलिंका या तेव्हाच्या व्यवस्थापकांनी आठवडे-आठवडे बोलणी करूनही या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं. खुद्द डॉन्चिचलाही पत्ता नव्हता.

म्हणजे इथे पुडी नाही, कुणकुण नाही, अटकळ तर कोणी स्वप्नातही बांधली नव्हती. आणि जी पक्की बातमी होती, तीच सगळ्यांना कंडी वाटली. नामांकित पत्रकारांच्या नावाशी मिळतीजुळती नकली खाती कंड्या पिकवतात, त्यांनी लोकांचे कान असे तयार करून ठेवलेत. मला त्या सकाळी फळ्यावर काय लिहावं सुचेना. शेवटी फक्त 'बातमी' असा मथळा दिला आणि मुलांनी ती खोडून काढायला लावली.

मुंबईहून

'ट्रेड'ला 'बदली' घ्या. मी तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केली. हुकूम येतो, विचारत कोणी नाही, पगार तोच, सेवा तीच, फक्त गाव बदलतं. तुम्ही सांगता त्यावरून तिथेही करार जसाच्या तसा नव्या संघाकडे जातो. डॉन्चिचला रात्री फोनवर कळलं, तसं आमच्याकडेही कितीकांना रात्रीच कळलंय. 'विकला' हा शब्द मात्र कृपा करून वापरू नका. माणूस विकला जात नाही.

पुण्याहून

काका, 'बदली' भावनेला अगदी बरोबर आहे, पण मैदानावर घोळ होईल. 'बदली खेळाडू' म्हणजे आपल्याकडे राखीव बाकावरून आत येणारा, आणि बास्केटबॉलमध्ये ते दर दोन-चार मिनिटांनी होतं. 'डॉन्चिचची बदली' वाचून मुलांना वाटेल, त्याला बसवलं आणि दुसरा आला.

मला जुना शब्द 'साटंलोटं' आठवला होता. दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना म्हणून करून घ्यायच्या. अदलाबदलीला इतका नेमका शब्द नाही. पण वर्तमानपत्रांनी त्याला संगनमताचा वास लावून ठेवलाय, आता तो धुऊन निघणार नाही.

धागालेखिका

'विकला' नाही, हे मान्य, काका, आणि तुमचं कारण मी मुलांना सांगेन. नाम म्हणून 'देवघेव' ठेवते आणि वाक्यात 'दिला-घेतला'. 'सॅक्रामेंटोने फॉक्सला सॅन अँटोनियोला दिलं', एवढं सरळ. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्यामुळे त्या संघाची बातमी आमची मुलं जरा जास्तच लक्ष देऊन वाचतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो संघ वरळीला इंडियाना पेसर्सशी खेळला, तेव्हा मी तो पाहिलाय.

'डेडलाइन'ला मी 'अंतिम मुदत' लिहीत होते, तेही बदलते. मुदत हा अवधी आहे, क्षण नाही. 'मुदत ६ फेब्रुवारीला संपते' हे पुरेसं.

आता एकच अडकलंय. मार्क विल्यम्स. शार्लटने त्याला लेकर्सना दिल्याचं जाहीर झालं, मुदत संपली, आणि ८ फेब्रुवारीला वैद्यकीय तपासणीचं कारण देऊन लेकर्सनी सगळंच मागे घेतलं. त्याच्या बदल्यात दिलेले डाल्टन कनेक्ट आणि कॅम रेडिश पुन्हा लेकर्सकडे, विल्यम्स पुन्हा शार्लटकडे. याला क्रियापद कोणतं? 'फिसकटली' लिहिलं होतं, पण बरोबर वाटत नाही.

न्यू जर्सीहून

'फिसकटली' नको. बोलणी फिसकटतात, म्हणजे ठरायच्या आधी. इथे ठरलं होतं. आमच्या आजीच्या तोंडी 'सोयरीक मोडली' असायचं, साखरपुडा झाल्यावरची. 'देवघेव मोडली' लिहा.

धागालेखिका

'मोडली' लिहिलं. खाली एक ओळ वाढवली, कारण मुलांना तिन्ही खेळाडूंची काळजी लागली होती: 'तिघेही आपापल्या जुन्या संघात परतले.'