ध्यान, निदिध्यासन, आत्मविचार : अर्थांत फरक काय?

प्रश्न : प्रवचनांत हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. ते समानार्थी आहेत का?

प्रतिसाद : नाहीत. मराठीत ‘ध्यान’ फार पसरलं आहे. ‘ध्यानात ठेव’ म्हणताना स्मरण, ‘सुंदर ते ध्यान’ म्हणताना विठ्ठलाचं रूप. योगसूत्रांत मात्र ते नेमकं आहे. चित्त एका जागी (नाभी, नासाग्र, मूर्ती) बांधणं ही धारणा आणि तिथेच एका प्रत्ययाची (मनात उमटणाऱ्या वृत्तीची) अखंड धार लागली की ध्यान. मन निसटतंय आणि आपण परत आणतोय, तोवर धारणाच. कूर्मपुराणात मापही दिलं आहे : 12 प्राणायामांची एक धारणा, 12 धारणांचं एक ध्यान. म्हणजे 144 प्राणायाम! रोजच्या दहा मिनिटांच्या बैठकीला धारणा म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

प्रतिसाद : निदिध्यासन वेदान्तातलं. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात, आत्मा ‘श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः’, म्हणजे ऐकावा, मनन करावा, त्याचा ध्यास घ्यावा. उपनिषदांचं तात्पर्य काय, ही शंका श्रवणाने जाते. ते युक्तीला पटेल का, ही मननाने. तरीही ‘मी देहच’ ही मुरलेली विपरीत भावना उरते, तिच्यासाठी निदिध्यासन, म्हणजे ऐकून-पटलेल्या निश्चयातच मन पुन:पुन्हा मुरवणं. श्रवण वगळून बसलं तर मन निवतं, पण निश्चय कशाचा करायचा तेच हाती नसतं. माझ्या मते सर्वाधिक गफलत इथेच होते.

प्रश्न : मग आत्मविचार, म्हणजे रमण महर्षींचं ‘मी कोण?’, जपासारखं म्हटलं तर?

प्रतिसाद : तो जप नव्हे. विचार उठला की ‘हा कुणाला?’ असं पाहायचं. ‘मला’ असं आलं की ‘हा मी कोण?’ म्हणत त्या ‘मी’पणाच्या भावनेच्या उगमाकडे वळायचं. ‘मी ब्रह्म’ असं ठरीव उत्तर दिलं की आत्मविचार तिथेच थांबतो. अजपा (श्वासाबरोबर आपोआप चालणारा जप) याहून वेगळा : श्वास आत जाताना ‘सो’, बाहेर येताना ‘हं’. दासबोधातही (दशक 17, समास 5) दिवसाचे असे 21,600 जप सांगितले आहेत, म्हणजे मिनिटाला 15. ते मोजायचे नाहीत, नुसते ऐकायचे.

प्रतिसाद : साधनेतल्या विघ्नांचे शब्दही जपून वापरावेत. वेदान्तसार या ग्रंथात चार आहेत : लय, विक्षेप (मन भरकटणं), कषाय (दडलेल्या वासनांनी मन थिजणं), रसास्वाद (मधल्याच आनंदात रमणं). लय म्हणजे झोपेकडे घसरणं. त्याला ‘समाधी लागली’ म्हणू नये. गौडपादकारिकेत (मांडूक्य उपनिषदावरच्या श्लोकांत) उपाय आहे : लयात चित्ताला जागवावं, विक्षेपात शमवावं. डुलकी येत असताना श्वास आणखी मंद केला तर लय वाढतोच. तेव्हा पाठ ताठ करावी, डोळे उघडावेत.