हॅन्सन हा बँड रेकॉर्ड कंपनीने घडवलेला नाही

हॅन्सन हा अमेरिकन पॉप बँड म्हणजे रेकॉर्ड कंपनीने तीन गोंडस पोरं उचलून बनवलेला बॉय बँड आणि ते एका गाण्यात संपले, असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. आयझॅक, टेलर आणि झॅक हे तिघं सख्खे भाऊ, ओक्लाहोमातल्या टल्साचे, १९९२ पासून गावातल्या कार्यक्रमांत गायचे, सुरुवातीला तर वाद्यंसुद्धा नव्हती, नुसते तीन आवाज. मर्क्युरी या मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार व्हायच्या आधी स्वतःच्या बळावर दोन अल्बम काढलेले आणि ते गाजलेलं 'म्मबॉप' त्यातल्याच १९९६ च्या अल्बममध्ये आहे. ते जुनं व्हर्जन मिळालं तर नक्की ऐका, बरंच संथ आहे त्यामुळे शब्द नीट कानावर पडतात. कोरसवर सगळे नाचलो, पण कडव्यांत काय आहे तर आयुष्यात माणसं येतात नि जातात, शेवटी मोजकीच उरतात. त्या वयात हे लिहिलंय पोरांनी! १९९७ ला हे गाणं अमेरिका आणि ब्रिटनमध्ये नंबर वन झालं तेव्हा ड्रम वाजवणारा झॅक ११ वर्षांचा होता.

आणि "एका गाण्यात संपले" हेही बरोबर नाही. कंपन्यांच्या विलीनीकरणात त्यांचं लेबल (रेकॉर्ड कंपनी) बदललं, नवीन लोकांना यांची गाणीच पसंत पडेनात, डेमो (गाण्यांची नमुना रेकॉर्डिंग) देत राहायचे आणि नकार येत राहायचा, शेवटी बाहेर पडले आणि २००३ मध्ये स्वतःचं थ्रीसीजी रेकॉर्ड्स हे लेबल सुरू केलं. २००४ चा 'अंडरनीथ' अल्बम तिथूनच आला आणि बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाच्या इंडिपेंडंट (स्वतंत्र लेबलच्या अल्बमांच्या) यादीत थेट पहिल्या नंबरवर गेला.