मदत हवी आहे: मायला किडनीचा त्रास होताच, आता छोटा स्ट्रोक झालाय. दोन्हीचं मिळून कोण बघतं?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो, कृपया पूर्ण वाचा.

आमची माय ६६ वर्षांची, गाव जिंतूर तालुक्यात. मी नोकरीसाठी पुण्यात, गावी भाऊ आणि वहिनी आहेत, सगळं तेच बघतात. मायला बीपी १५ वर्षांपासून, शुगर त्याच्या मागोमाग आली. मधी पायावर सूज यायली म्हणून तपासण्या केल्या तर क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी मंदावली की वाढतो) १.८ निघालं, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा, कमी म्हणजे किडनी कमजोर) ३१, आणि लघवीतून प्रोटीन जायलंय असं कळलं. डायलिसिस नाही, गोळ्यांवर चालू आहे.

दिवाळीनंतर एका सकाळी तिचं तोंड एका बाजूला ओढलं, उजवा हात ढिला पडला, शब्द जड झाले. शेजारचे म्हणले वारं गेलंय, लकव्याचं झाडपाल्याचं औषध मिळतं तिकडं न्या. भावानं कुणाचं ऐकलं नाही, सरळ गाडीत घालून परभणी गाठली. सीटीत रक्तस्राव नव्हता, नंतर एमआरआयत आत खोलवर एक बारकी नस बंद झालेली दिसली, रिपोर्टवर लॅक्युनार इन्फार्क्ट लिहिलंय. हात बराच परत आला, बोलणंही सुधारलं, त्याबद्दल देवाचे आणि भावाचे उपकार.

आता खरी अडचण. किडनीची फाइल वेगळी, मेंदूची फाइल वेगळी आणि दोन्हीकडचे सल्ले घरात एकमेकाला भिडायलेत. स्ट्रोकनंतर कुणीतरी सांगितलं साधं मीठ बंद करा, लो सोडियम मीठ आणा, भाच्यानं लगेच आणून दिलं. ते वापरायच्या आधी किडनीच्या डॉक्टरला फोन केला तर ते म्हणले अजिबात नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि ईजीएफआर एवढा कमी असताना ते अंगात साठतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणजे मेंदूसाठी चांगलं म्हणून आणलेलं किडनीला चालत नाही. पाण्याचं तसंच, एक म्हणतो भरपूर प्या, दुसरा म्हणतो सूज आहे तोवर मोजून प्या. वहिनीनं ऐकावं तरी कुणाचं?

बीपीचंपण कळंना. सांगितलंय १३० च्या खाली ठेवा, पण माय खाटेवरून उठली की डोळ्यापुढं अंधारी येते, एकदा मशीन लावलं तर वरचं १०५. गोळी बंद करायची भीती वाटते आणि द्यायचीपण.

आणि सगळ्यात जास्त काळजी ज्याची, ते विसरणं. स्ट्रोकनंतर माय लई विसरायली. म्हशीला पेंड टाकली का हे परत परत विचारते, औषध घेतलेलं आठवत नाही, दुपारभर झोपून असते, उठवलं तरी गुंगीत बोलते. पायाची आग होते म्हणून त्याच सुमारास प्रीगॅबालिन ७५ दिवसातून दोन वेळा सुरू झालंय. गावातले म्हणतात वय झालं, आता असंच राहायचं. पण दिवाळीपर्यंत हीच बाई बचत गटाचा हिशोब तोंडी सांगत होती, मला हे पटत नाही. हे स्ट्रोकमुळं, किडनीमुळं की औषधामुळं? मराठवाड्यात किडनी आणि मेंदू दोन्हीचे डॉक्टर एकाच ठिकाणी, जमलं तर एकाच दिवशी कुठं भेटतात? ज्यांच्या घरी दोन्ही त्रास आहेत त्यांनी नक्की लिहा.

प्रतिसाद १

दादा, मी नांदेडला डायलिसिस युनिटमधे टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण असे पेशंट रोज बघते म्हणून लिहितेय.

आधी हे समजून घ्या की हे दोन वेगळे आजार नाहीत. किडनी आणि मेंदू दोन्हीला रक्त प्रचंड लागतं, हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांना जातो, आणि दोन्हीकडच्या बारीक नसांवर बीपीचा मार थेट बसतो. बीपी आणि शुगरनं किडनीच्या बारीक नसा खराब झाल्या की लघवीतून प्रोटीन जायला लागतं, तसंच नुकसान मेंदूच्या खोल नसांमधे चालू असू शकतं, ते एमआरआयशिवाय दिसत नाही. म्हणून ईजीएफआर ६० च्या खाली गेला की स्ट्रोकचा धोका वाढतो आणि लघवीत प्रोटीन असेल तर आणखी. आजींचा लॅक्युनार स्ट्रोक ह्याच बारीक नसांचा. तेव्हा लघवीची एसीआर तपासणी (प्रोटीन किती जातंय ते सांगणारी) मेंदूच्या डॉक्टरलापण दाखवा, ते पान किडनीच्याच फाइलमधे राहून जातं.

आता गुंगीचं. प्रीगॅबालिन शरीरातून जवळपास सगळं किडनीवाटेच बाहेर पडतं. किडनी मंद असली की ते साठतं आणि माणूस झोपाळू, गोंधळलेला, तोल जाणारा होतो, घरच्यांना वाटतं परत स्ट्रोक आला. नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेंटिनचं तेच, स्नायू सैल करायच्या बॅक्लोफेनचंपण. त्यात आजी बारीक अंगाच्या असतील तर १.८ क्रिएटिनिन दिसतं त्यापेक्षा किडनी कमजोर असू शकते, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि स्नायू कमी तर आकडापण कमी. गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका, अचानक सोडली तरी त्रास होतो. पण ह्याच आठवड्यात डॉक्टरला फोन करून विचारा की ईजीएफआर ३१ आणि वजन इतकं इतकं, हा डोस बरोबर आहे का.

शुगरच्या गोळीत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड आहे का बघा. किडनी कमजोर असली की त्यांचा असर लांबतो, शुगर एकदम खाली जाते आणि लक्षणं हुबेहूब स्ट्रोकसारखी दिसतात. घरी ग्लुकोमीटर ठेवाच. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला तर शुगर बघायला अर्धा मिनिट लागतो, पण त्यापायी गाडी थांबवू नका.

बीपी बसून एकदा आणि उभं राहिल्यावर एक ते तीन मिनिटांनी परत मोजा, आठवडाभर वहीत लिहा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० नं पडत असेल तर गोळीची वेळ किंवा गोळी बदलता येते. बंद मात्र करू नका.

हिमोग्लोबिन किती आहे ते लिहिलं नाही तुम्ही. किडनीवाल्यांना ते कमीच असतं, त्यानंपण थकवा येतो आणि डोकं चालत नाही. पण रक्त वाढवायची इंजेक्शनं देऊन ते १३ पर्यंत ताणायचं नसतं. २००९ साली ट्रीट नावाचा मोठा अभ्यास आला होता, शुगर आणि किडनी दोन्ही असलेल्या लोकांवर, त्यात हिमोग्लोबिन १३ कडं नेलेल्या गटात स्ट्रोक जवळपास दुप्पट झाले. इंजेक्शन लागलंच तर आधी स्ट्रोक झालेला आहे हे तिथं आठवणीनं सांगा.

प्रतिसाद २

आम्ही अंबाजोगाईकडचे. मामा डायलिसिसवर होते, डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी ते अगदी भ्रमिष्टासारखे करायचे, दुसऱ्या दिवशी ठीक. नंतर कळलं की मशीनवर बीपी फार खाली जायचं आणि तेव्हा मेंदूला रक्त कमी पडतं. पाणी हळूहळू काढायला लागले तसा फरक पडला. त्यांना स्ट्रोक आला तो रात्री, घरचे म्हणले सकाळी बघू. सकाळी पोचलो तर रक्ताची गाठ विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ निघून गेलेली, ते लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. किडनी खराब म्हणून ते देताच येत नाही असं नाही, डायलिसिसमधे हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलेलं असेल तर रक्ताची तपासणी करून ठरवतात. तुमच्या भावानं केलं ते एकदम बरोबर केलं. १०८ नंबर वहिनींच्या मोबाइलमधे टाकून ठेवा आणि सीटी रात्रीचं कुठं चालू असतं ते आत्ताच विचारून ठेवा. गुडघे दुखतात म्हणून गावात डायक्लोफिनॅकची सुई टोचून घेऊ देऊ नका, किडनी आणि बीपी दोन्ही बिघडतं.

धागाकर्ता

ताई, दादा, मनापासून आभार. भावानं फोन केला, मायचं वजन ४५ आहे हे सांगितल्यावर डॉक्टर स्वतःच म्हणले डोस जास्त होतोय, आता टप्प्याटप्प्यानं कमी करून रात्री फक्त २५ वर आणलंय. दुपारची गुंगी गेली. काल फोनवर मलाच विचारायली, तू जेवलास का आणि सुट्टी कधी मिळायली. विसरणं अजून आहे, पण गोंधळ नाही. बीपीच्या वहीत सकाळच्या गोळीनंतर उभं राहिलं की आकडा पडतो हे स्पष्ट दिसलं, त्यामुळं एक गोळी रात्री केलीय. हिमोग्लोबिन ८.९ आलंय, आधी आयर्न तपासतो म्हणले. एसीआरचं पान दोन्ही फाइलीत लावलं.

दोन गोष्टी राहिल्यात. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्ताची गाठ होऊ नये म्हणूनच्या दोन्ही गोळ्या चालू आहेत, डिस्चार्ज कार्डावर किती दिवस ते लिहिलेलं नाही. वाचलं की छोट्या स्ट्रोकनंतर दोन्ही बहुतेक थोडे आठवडेच देतात आणि मग एकावर आणतात, आणि किडनीच्या पेशंटला रक्त गोठायचा धोका जास्त तसा रक्तस्रावाचापण जास्त. हे मेंदूच्या डॉक्टरला विचारतोच आहे, सोबत ईसीजीपण परत काढायला सांगणार, कारण किडनीच्या आजारात एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) जास्त आढळतं आणि ते निघालं तर औषधच बदलावं लागतं. दुसरं, संभाजीनगरच्या घाटी सरकारी दवाखान्यात किंवा नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किडनी आणि मेंदूच्या ओपीडीचे वार कुणाला माहीत असतील तर सांगा, म्हणजे मायला एकाच खेपेत दोन्हीकडं दाखवता येईल. भावाला कापसाच्या वेचणीतून दोनदा निघणं अवघड आहे.