अनुभव धागा: क्रोशात दुसरा रंग घेताना

अंजनगावची लेक
पोळा तोंडावर आला. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल माळ्यावरून खाली आला अन् त्याच्यावरची जुनी लाल-पिवळी झूल पाहून हा धागा काढावासा वाटला. पट्टा बदलतो तिथं एक ठिपका नाही, गाठ नाही, कड सरळ. नव्या पोरी साखळी (एकात एक ओवलेले फास) अन् खांब (उंच टाका) लवकर शिकतात, दुसरा रंग हातात आला की अडतात. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनी लिहा. जसं जमेल तसं लिहा, शुद्धलेखन नंतर पाहू.

माझ्याकडून पहिली गोष्ट. नवा रंग नव्या टाक्यात सुरू करायचा नाही. जुन्या रंगाचा जो शेवटचा टाका आहे, त्याच्या शेवटच्या ओढीत नवा दोरा घ्यायचा. मुका खांब (खांबापेक्षा बुटका टाका) असेल तर क्रोशाची सुई घालून दोरा बाहेर काढला की सुईवर दोन फास येतात. तिथं थांबा. जुना दोरा मागे सोडा, नवा सुईवर घ्या आणि दोन्ही फासांतून काढा. खांब असेल तर तीन फासांतले आधी दोन जुन्याच रंगानं काढा, सुईवर दोन उरले की मग नवा.

असं का? सुईवर जो फास उरतो तो पुढच्या टाक्याचं डोकं, म्हणजे वरची कड, होतो. तो जुन्या रंगाचा राहिला तर नव्या पट्ट्याच्या पहिल्या टाक्यावर जुन्या रंगाची टोपी बसते. लाल-पिवळ्यात तर ती हातभरावरून दिसते.

फूटभर बैलाच्या झुलीचा साधारण अंदाज: ४ प्लायची (चार पदरी) लोकर, साडेतीन मिलिमीटरची सुई, ४१ साखळ्या, दुसऱ्या साखळीपासून ४० मुके खांब. दोन ओळी लाल, दोन पिवळ्या. आठ इंचांच्या आसपास रुंदी येते. ज्याचा हात घट्ट त्यानं ४ मिलिमीटरची सुई घ्यावी.

काळीमाती
मस्त धागा ताई. एक विचारू का जी, ओळ संपली अन् पलटायचं आहे, तर पलटायची साखळी कोणत्या रंगाची?

दोरा_सुई
@काळीमाती नव्या रंगाची. ओळीतला अगदी शेवटचा टाका नव्या दोऱ्यानं पूर्ण करा, मग नव्यानंच साखळी घाला (मुक्या खांबाला १, खांबाला ३) आणि पलटा. आधी साखळी घालून, पलटून मग रंग बदलला तर कडेला जुन्या रंगाचा दात दिसतो.

खांबाच्या ओळीत आणखी एक जागा चुकते. ओळीतला शेवटचा खांब मागच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या टोकावर येतो. नवशिके तो विसरतात, त्याच्या आधीच रंग बदलतात, मग दर ओळीला एक खांब कमी होत जातो अन् झूल वर निमुळती होते. टाके मोजा. दर ओळीला मोजा, कंटाळा करू नका.

वणीकर काकू
पोरींनो, दर पट्ट्याला दोरा कापू नका. कडेनं वर न्या. पण त्याला हिशोब आहे.

दोन रंगांचे पट्टे असतील तर प्रत्येक रंगाच्या ओळी सम ठेवा, २ किंवा ४. ज्या कडेला दोरा सोडला त्याच कडेला तुम्ही परत येता, म्हणून तो उचलता येतो. ३ ओळींचा पट्टा केला की दोरा राहिला डावीकडे अन् तुम्ही उजवीकडे. मग कापावाच लागतो.

चार ओळींपेक्षा मोठा पट्टा असेल तर नुसता लोंबता दोरा वर नेऊ नये. कडेला बोटं अडकतात, लहान लेकरांच्या टोपीत तर नकोच. दर दोन ओळींनी कडेच्या पहिल्या टाक्यात तो जुना दोरा दाबून घ्या, म्हणजे सुई घातल्यावर जुना दोरा सुईच्या वर ठेवायचा आणि त्याच्याखालून चालू दोरा ओढायचा.

आणि ढील द्या! वर नेलेला दोरा ताणला की ती कड आखडते, कापड एका बाजूला वाकतं. ओळ पलटल्यावर कड बोटानं ताणून पाहा, दोरा तिच्यासोबत लांबला पाहिजे.

एकेक ओळीचे पट्टे हवे असतील तर तीन रंग घ्या. एकही दोरा कापावा लागत नाही.

आर्वीची सून
काकू तीन रंगाचं डोक्यात नाही बसलं. वरण उतू चाललं, येतेच

वणीकर काकू
@आर्वीची सून आधी वरण पाहा बाई.

मग कागदावर मांड. पहिली ओळ लाल, उजवीकडून डावीकडे. लाल डावीकडे थांबला. दुसरी पिवळी, डावीकडून उजवीकडे. पिवळा उजवीकडे थांबला. तिसरी हिरवी, उजवीकडून डावीकडे. आता चौथी ओळ डावीकडून सुरू होणार, अन् लाल तिथंच वाट पाहत आहे. पाचवीला पिवळा उजवीकडे तयार. पाच रंगांतही असंच जुळतं. चार रंगांत नाही जुळत.

आर्वीची सून
अरे हो! समजलं काकू. किती सोपं आहे. धन्यवाद 🙏

बोंडअळी_नको
तुमच्याकडे पाऊस आहे का वणीकडे? इकडं निंदण अडकलं, वावरात पाय ठेवता येत नाही.

वणीकर काकू
रात्रीपासून लागूनच आहे. पऱ्हाटी (कपाशी) पिवळी पडून राहिली. लोकरीचे गुंडे प्लास्टिकच्या डब्यात ठेवा सगळ्यांनी, ओल लागली की वास जात नाही.

धानपट्टा
गाठ मारणाऱ्यांसाठी लिहितो. (हो, पुरुष आहे, क्रोशा करतो.)

दोन रंगांची टोकं गाठ मारून जोडायची अन् विणत सुटायचं, हे सगळ्यात जास्त दिसतं. गाठ लोकरीत घसरते, सुती दोऱ्यात टोचते, आणि वापरात ओढ बसली की सुलट्या (दर्शनी) बाजूला डोकं काढते. गाठीऐवजी जुन्या आणि नव्या, दोन्ही दोऱ्यांची सहा-सहा इंच टोकं सोडा. सुरुवातीला सैल वाटलं तर दोन टोकांची तात्पुरती एक साधी, सुटणारी गाठ मारा, टोकं लपवायच्या वेळी सोडवा.

लपवणं: बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई. टोक त्याच्याच रंगाच्या टाक्यांतून न्यायचं, लाल लालमध्ये, पिवळं पिवळ्यामध्ये. दीड-दोन इंच एका दिशेला, मग शेवटचा एक धागा सोडून उलट फिरून इंचभर, मग जरा वरच्या ओळीतून पुन्हा. एकाच दिशेला नेलं तर धुताना सरकून बाहेर येतं. ॲक्रिलिक गुळगुळीत असतं, त्याला तीन फेऱ्या लागतातच.

काळीमाती
दादा, विणता विणता टोक आत घेता येते ना? मग सुई कशाले?

धानपट्टा
@काळीमाती येतं. मागच्या ओळीच्या डोक्यावर टोक आडवं ठेवायचं आणि सहा-सात टाके त्याच्यावरून घालायचे. पण ते एकाच दिशेला जातं, म्हणून उरलेलं सुईनं उलट फिरवायचं. अन् पांढऱ्या पट्ट्यात लाल टोक असं झाकू नका, टाक्यांच्या फटीतून गुलाबी झाक दिसते.

मोर्शीची मावशी
गोल कामाचं कोणी लिहीना. थाळीवरचा रुमाल, लेकराची टोपी, घागरीखालची चुंबळ, सगळं गोलच तर असते.

गोलात रंग बदलला की पायरी पडते. न जोडता गोल-गोल फिरत गेलं तर फेरीचा शेवट सुरुवातीपेक्षा एक ओळ उंच असतो, म्हणून. दोन उपाय आहेत.

एक, प्रत्येक फेरी पहिल्या टाक्याच्या डोक्यात सुई घालून बंद करायची, आणि ती बंद करायची ओढच नव्या रंगानं घ्यायची. मग एक साखळी, आणि त्याच टाक्यात पहिला मुका खांब. जोड मात्र दर फेरीला थोडा बाजूला सरकत जातो, ते विणीच्या स्वभावातच आहे. टोपी असेल तर जोड मागे घ्या.

दोन, न जोडता फिरायचं असेल तर नव्या रंगाचा पहिला टाका मुका खांब न करता सरकता टाका करा. सुई घाला, दोरा काढा, तसाच सुईवरच्या फासातून ओढा. तो बुटका राहतो म्हणून पायरी दबते. पुढच्या फेरीत त्याच्यात नेहमीसारखा मुका खांब घाला. तो टाका बारीक असतो, नजरेतून सुटतो, तिथं सेफ्टी पिन लावून ठेवा.

डावखुरी
मावशी खूप छान. डावऱ्या हातानं विणणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तुमचा जोड उलट्या बाजूला सरकेल. अन् चौकटीच्या कागदावर काढलेल्या तक्त्यावरून अक्षरं विणत असाल तर तो तक्ता आरशात पाहिल्यासारखा उलटा करून घ्या, नाहीतर अक्षर उलटं येतं. फोटो काढून फोनमध्ये डावं-उजवं उलटवला (फ्लिप केला) की झालं.

आर्वीची सून
अक्षरांवरून आठवलं. रुखवतात ठेवायला 'शुभ लाभ' तोरण करायचं आहे, मरून रंगावर क्रीम अक्षरं. कसं करावं?

दोरा_सुई
@आर्वीची सून हे जरा सविस्तर सांगते, इथंच जास्त जण वैतागून सोडतात.

गणिताची चौकटीची वही घे. एक चौकट म्हणजे एक मुका खांब. मुका खांब उंचीपेक्षा थोडा रुंद असतो, म्हणून अक्षर कागदावर दिसतं त्यापेक्षा बसकं येतं. कागदावर ते जरा उंच काढ. मात्रा आणि उकार एका चौकटीच्या रेषेत हरवतात, त्यांना दोन चौकटी दे.

तक्ता खालून वर वाचायचा. सुलटी ओळ (दर्शनी बाजू तुझ्यासमोर असते ती) उजवीकडून डावीकडे, उलटी ओळ डावीकडून उजवीकडे. प्रत्येक ओळीच्या शेजारी बाण काढून ठेव अन् झालेली ओळ पेन्सिलीनं खोडत जा.

न वापरलेला रंग टाक्यांच्या आत न्यायचा. मागच्या ओळीच्या डोक्यावर तो आडवा ठेव आणि त्याच्यावरून टाके घाल. पाच-सहा टाके झाले की तो हलकेच ओढ, मग कापड थोडं ताण. नुसता ओढलास तर कापड चुरगळतं, नाही ओढलास तर आत फुगा राहतो. अक्षर नसलेल्या ओळींतही दुसरा दोरा आत चालू ठेव. नाहीतर अक्षरांच्या ओळी जाड आणि बाकीच्या पातळ होतात, तोरण लटकवल्यावर लहरी पडतात.

उलट्या ओळीत रंग बदलताना सोडलेला दोरा स्वतःकडे, पुढे घे. तेव्हा उलटी बाजूच तुझ्यासमोर असते. मागे टाकलास तर सुलट्या बाजूला आडवी रेघ दिसते.

क्रीममधून मरून डोकावणारच, थोडं. कमी करायचं असेल तर अर्ध्या मिलिमीटरनं बारीक सुई घे, टाका दाट बसतो.

दोऱ्यांचा गुंता टाळायला एक गुंडा कायम उजवीकडे, दुसरा डावीकडे. काम एकदा घड्याळाच्या दिशेनं पलट, पुढच्या ओळीला उलट दिशेनं. दरवेळी एकाच दिशेनं पलटलं की दोन्ही दोऱ्यांना पीळ पडत जातो.

आर्वीची सून
हे वहीतच उतरवून घेते. लग्न मार्गशीर्षात आहे, वेळ आहे.

मोर्शीची मावशी
कोणाचं गं? नणंदेचं का? छान छान. मरूनचं धुऊन पाह्यजो बाई आधी.

बोंडअळी_नको
हेच लिहायला आले होते. लाल, मरून, गडद निळा, हे सुती दोऱ्यात रंग सोडतात. विणायच्या आधी वीतभर तुकडा कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, पांढऱ्या फडक्यात दाबून अर्धा तास ठेवा. फडक्यावर डाग आला तर ती लडी सैल बांधून थंड पाण्यात खळबळून घ्या, पाणी नितळ येईपर्यंत. गुंडा असेल तर आधी खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सुती दोऱ्यानं बांधा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो म्हणतात, त्याच्या भरवशावर पांढऱ्याशेजारी लाल लावू नका.

तयार झालेलं काम भिजत ठेवूच नका. धुवा, टॉवेलात गुंडाळून दाबा, लगेच सावलीत पसरा. ओलं घडी करून ठेवलं की लाल पांढऱ्यात उतरतो.

काळीमाती
आठवडी बाजारातला गुंडा लोकरीचा हाय का ॲक्रिलिकचा हे कसं ओळखावं? कटलरीवाला सगळ्यालेच लोकर म्हणते.

धानपट्टा
@काळीमाती दोन इंच तुकडा चिमट्यात धरून पेटवा, खाली पाण्याची वाटी ठेवा. ॲक्रिलिक वितळतं अन् टोकाला काळा कडक मणी होतो. खरी लोकर केस जळल्यासारखी वासते, राख बोटानं चुरते. सूत कागदासारखं जळतं.

हे रंग बदलायलाही कामाचं आहे. खऱ्या लोकरीची दोन टोकं विसकटून, ओली करून तळहातावर चोळली की एकजीव होतात. ॲक्रिलिक आणि सूत चोळून जुळत नाही, कितीही चोळा. अन् एका कामात सूत आणि ॲक्रिलिकचे पट्टे एकाआड एक घेऊ नका. धुतल्यावर सूत आटतं, ॲक्रिलिक तसंच राहतं, पट्टे चुण्या धरतात.

डावखुरी
दोरा पुरेल का याचा हिशोब कोणी देईल का? ऐन ओळीच्या मध्ये संपतो.

वणीकर काकू
एक ओळ सुरू करताना गुंड्याच्या बाजूला, दोन हात अंतरावर, दोऱ्याला सेफ्टी पिन लाव. ओळ झाली की पिनपर्यंत किती उरला ते पाहा. ओळ संपायच्या आधीच पिन आली तर तिथून पुढं पुन्हा दोन हात मोजून पिन लाव. एका ओळीला किती लागतो ते कळलं की पट्ट्याचं कळतं. वरून टोकांसाठी हातभर धर.

अन् एकाच रंगाचे दोन गुंडे घेताना लेबलावरचा रंगाचा नंबरच नाही, लॉट नंबरही (एकाच वेळी रंगवलेल्या मालाचा नंबर) जुळवा. लॉट वेगळा असला की घरात कळत नाही, अंगणात उन्हात धरलं की पट्टा पडलेला दिसतो. दुसऱ्या लॉटचाच मिळाला तर दोन ओळी जुन्या गुंड्याच्या, दोन नव्या, असं मिसळत जा.

अंजनगावची लेक
किती कामाचं जमलं इथं. झुलीबद्दल राहिलेलं सांगते. वर नेलेले दोरे कडेला दिसतात ते झाकायला शेवटी चारही बाजूंनी लाल मुक्या खांबाची एक फेरी घ्या. उभ्या कडेला दर ओळीला एक टाका, कोपऱ्यात एकाच जागी तीन. कोपऱ्यात तीन नाही घातले तर टोकं वर वळतात. गोंडे या फेरीनंतरच लावा.

मोर्शीची मावशी
गोंड्याले पुठ्ठा तीन बोटं रुंद, तीस वेढे. दोन रंगाचा पाह्यजे तर दोन्ही दोरे सोबत धरून पंधरा वेढे.

काळीमाती
लाइन गेली इकडं, मोबाइलही १० टक्क्यांवर. बाकीचं उद्या वाचतो. टोकं लपवली की लगेच कापायची का तेवढं सांगा कोणी

धानपट्टा
@काळीमाती लगेच नाही. एकदा धुऊन, वाळवून, हातानं चारी बाजूंनी ताणून घ्या. त्यात जे आत सरकायचं ते सरकतं. मग उरलेलं अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा.